प्लेन-अन-ग्वारी

प्लेन-अन-ग्वारी म्हणजे ‘खेळाची जागा’. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधील कॉर्निश भाषेचा हा शब्द मातीचा वर्तुळाकार बांध घालून केलेल्या उघड्या रंगस्थळासाठी वापरला जातो. मध्ययुगात अशी रिंगणे तेथील अनेक गावांत होती; आज ठळकपणे ओळखू येतात ती सेंट जस्ट गावातील रिंगण आणि पेरनपोर्थजवळचे पेरन राउंड ही दोनच. सेंट जस्टच्या रिंगणाला बसण्यासाठी सहा दगडी पायऱ्या असल्याची नोंद कॉर्नवॉलचे पुरातत्त्वप्रेमी अभ्यासक विल्यम बोरलेज यांनी अठराव्या शतकात केली आहे.

या रिंगणांत होणाऱ्या धार्मिक नाटकांपैकी ‘ऑर्डिनेलिया’ ही नाट्यत्रयी सर्वांत महत्त्वाची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या या आठ हजारांहून अधिक ओळींच्या संहितेत विश्वाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा येते. कथा बायबलची असली तरी तिची माती कॉर्नवॉलची आहे. जेरुसलेमचे मंदिर बांधणाऱ्या गवंड्यांना राजा सॉलोमन बक्षीस म्हणून ज्या जमिनी देतो, त्यांची नावे थेट कॉर्नवॉलमधील पेनरिन गावाच्या आसपासची आहेत; ख्रिस्ताला मृत्युदंड देणारा रोमन अधिकारी पिलातही आपल्या तुरुंगाधिकाऱ्याला त्याच परिसरातील वतने बहाल करतो. आपल्या शिवारातली जमीन सॉलोमनने भलत्यालाच देऊन टाकलेली ऐकताना प्रेक्षकांत हशा पिकत असणार. या गावनावांवरूनच संहितेचा संबंध पेनरिनच्या ग्लॅस्नी या धर्मपीठाशी जोडला जातो. पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकांना दुसऱ्या दिवशी वेळेवर येण्याची सूचना आहे आणि तिसऱ्याच्या शेवटी वादकांना सूर धरायला सांगून सर्वांना नाचायला बोलावले आहे, म्हणजे हा खेळ तीन दिवस चालणारा उत्सवच होता.

प्रत्यक्ष प्रयोगाचे वर्णन रिचर्ड केर्यू यांनी कॉर्नवॉलविषयीच्या आपल्या 1602 च्या ग्रंथात केले आहे. नटांना संवाद पाठ नसत. ‘ऑर्डिनरी’ नावाचा माणूस पोथी घेऊन नटाच्या पाठीशी उभा राही आणि एकेक वाक्य हळूच कानात सांगे. केर्यू सांगतात की एका खट्याळ गृहस्थाने, पुढे हो आणि लोकांना तोंड दाखव, ही सूचनाच संवाद म्हणून मोठ्याने म्हटली. नाटकाचा सत्यानाश केलास, असे पोथीवाला पुटपुटला, तर तेही त्याने जसेच्या तसे ऐकवले. शेवटी पोथीवाला शिव्या देऊ लागला आणि त्याही प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्या. केर्यू यांना या नाटकांविषयी फारसा आदर नव्हता. तरी हौशी गावनाट्याचे इतके जिवंत चित्र दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ग्लॅस्नीचे धर्मपीठ 1548 मध्ये बरखास्त झाले. पुढच्याच वर्षी इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या सक्तीविरुद्ध झालेला उठाव मोडून काढण्यात आला. त्यानंतर कॉर्निश भाषा हळूहळू मागे सरली आणि तिच्याबरोबर नाटकेही. रिंगणे मात्र ओस पडली नाहीत. सेंट जस्टला खाणकामगार खडकात छिद्रे पाडण्याच्या शर्यती लावत. तशी छिद्रे असलेला ग्रॅनाइटचा दगड तेथे आजही पाहायला मिळतो.

पुनरुज्जीवनाचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे 1969 मध्ये पेरन राउंडमध्ये झालेला ‘ऑर्डिनेलिया’चा प्रयोग, पण तो ब्रिस्टल विद्यापीठाच्या नाट्यविभागाचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांचा होता. सेंट जस्टच्या रहिवाशांनी 2000 नंतर तिन्ही भाग टप्प्याटप्प्याने बसवले, 2004 मध्ये संपूर्ण त्रयी केली आणि 2021 मध्ये ती पुन्हा रंगवली, तेव्हा खेळ खऱ्या अर्थाने गावाकडे परतला. प्रयोगांत इंग्रजी रूपांतराचा आधार घ्यावा लागतो, हे भाषेच्या वाताहतीनंतर ओघानेच आले.

आजचे लोकनाट्य रिंगणाबाहेरही पसरले आहे आणि त्यात संतांबरोबर राक्षसही आले आहेत. 5 मार्चच्या सुमारास कॉर्नवॉलचे संरक्षक संत पिरन यांची कथा वाळूच्या टेकड्यांमधून चालत, जागोजागी प्रसंग सादर करत सांगितली जाते. जात्याच्या दगडावर तरंगत ते आयर्लंडहून आले, अशी आख्यायिका आहे. सेंट ॲग्नेस गावात मे महिन्याच्या प्रारंभी बॉल्स्टर राक्षसाची अवाढव्य बाहुली मिरवली जाते. आख्यायिकेनुसार संत ॲग्नेसच्या प्रेमात पडलेल्या या राक्षसाला तिने चॅपल पोर्थच्या कड्यावरील एक छिद्र त्याच्या रक्ताने भरायला सांगितले. छिद्र तळाशी समुद्राला मिळत होते, त्यामुळे ते भरेना आणि राक्षस मरून पडला. त्याच किनाऱ्यावर खेळ संपल्यावर लहान मुले कड्यावरचा तांबडा डाग शोधू लागतात.