सफरचंदाच्या ब्रेडमागचा सोडा

सफरचंदाचा गोड ब्रेड घरी करायला घेतला की कुणीतरी विचारतंच, ‘यीस्ट कुठाय?’ यीस्ट नसतंच. मळणं नाही, पीठ फुगायची वाट बघणं नाही. चवीला हा केकचाच भाऊ. लांबट साच्यात भाजून पावासारखा कापतात म्हणून ब्रेड म्हणायचं. इंग्रजी नाव क्विक ब्रेड. ही घाई आली सोड्यामुळे, आणि सोड्याच्या आधी होती राख.

अठराव्या शतकात अमेरिकेत जंगलं तोडून शेतं काढली जात होती, लाकडाच्या राखेला तोटा नव्हता. राख पाण्यात मुरवायची, ते पाणी आटवायचं, उरलेला क्षार भाजून पांढरा करायचा. हा पर्लॅश. साबण आणि काच करणाऱ्यांकडे त्याला मोठी मागणी. अमेरिकेतलं पहिलं पेटंट, १७९० सालचं, याच क्षाराच्या पद्धतीसाठी सॅम्युएल हॉपकिन्स यांना मिळालं. स्वयंपाकघरात मात्र त्याचा वेगळाच उपयोग होता: आंबट दुधाशी किंवा काकवीशी गाठ पडली की कर्बवायू सुटतो आणि पीठ हलकं होतं. १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’त पर्लॅशच्या कृती छापून आल्या. पापडखार घालून उडदाचे पापड लाटणाऱ्या आपल्या आज्यांना यात काही नवल वाटलं नसतं.

पर्लॅश जास्त पडला की साबणाची चव येई. १८४६ पासून ड्वाइट आणि चर्च यांनी अमेरिकेत खाण्याचा सोडा विकायला सुरुवात केली आणि राख मागे पडली. तिकडे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्येच बेकिंग पावडर तयार केली होती, कारण त्यांच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. आंबट पदार्थ डब्यातच मिसळलेला, त्यामुळे ताकाचीही गरज उरली नाही.

नागपूर हे संत्र्याचं गाव. इथं सफरचंद पाहुणाच. पावसाळा सरता सरता हिमाचल-काश्मीरचा माल ट्रकने येतो आणि गाड्यांवर लाल ढीग दिसू लागतात. गंमत अशी, की या फळाची वाटही अमेरिकेतून गेलेली आहे. फिलाडेल्फियाचे सॅम्युएल स्टोक्स, पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, त्यांनी १९१०च्या दशकात सिमल्याकडच्या कोटगढ भागात अमेरिकेतली लाल, गोड जात लावली. तिथल्या आधीच्या इंग्रजी जाती आंबट होत्या, त्या गिऱ्हाइकाला रुचेनात.

ब्रेड करणाऱ्याची पंचाईत नेमकी इथंच होते. सोड्याला फुगायला आंबट लागतं आणि आपल्या गाडीवरच्या गोड सफरचंदात ते फारसं नसतं. मी पहिल्यांदा नुसत्या किसावर भरवसा ठेवून सोडा घातला, तर ब्रेड बसका झाला आणि वर पिवळट डाग, तोंडात खारट-कडू चव. दोष कृतीचा नव्हता, ताक वगळणाऱ्या माझा होता. कपभर मैद्याला पाव चमचा सोडा घ्या आणि सोबत पाव कप आंबट दही. बिनअंड्याचा करायचा असेल, श्रावणात तर असतोच, तरी दह्याने भागतं.

राहिला प्रश्न भट्टीचा. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजणाऱ्या विदर्भाला भाजणं शिकवायची गरज नव्हती, पण घरात ओव्हन नसे. नानकटाईचे ट्रे गल्लीतल्या बेकरीत नेऊन भाजून आणायची पद्धत होती. मग कुकर आला: शिटी आणि रिंग काढायची, तळाशी रेती नाहीतर मीठ, त्यावर कडं आणि डबा. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, बऱ्याच घरांत पोचला तरी मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत तो लावायला कुणाचाच जीव होत नाही. त्यामुळे हा ब्रेड इकडे होतो तो नवं सफरचंद आलं की, पावसाळी संध्याकाळी, चहाबरोबर.