सिम अडकला की रॅम नंतर, आधी तवा बघा

लॅपटॉपवरचा फ्लाइट सिम्युलेटर, त्यात नागपूरहून मुंबई, संध्याकाळची वेळ, एअरबस ए३२० विमान, घाटकोपरच्या डोक्यावरून रनवे २७ ची फायनल, म्हणजे उतरण्याआधीची शेवटची सरळ वाट. तासभर काही कुरकुर नाही, आणि नेमकी जमीन तीस फुटांवर आली, मी नाक उचलायला स्टिक मागे घेतली आणि स्क्रीन गचकली. डोळा लवतो तेवढाच वेळ, पण पुढचं चित्र आलं तेव्हा विमान रनवेवर आदळून परत हवेत गेलेलं. बायकोने आतून विचारलं, "पडलं का?" पडलं नव्हतं, पण खरे प्रवासी असते तर उतरताना चार शब्द ऐकवून गेले असते.

असा गचका केवढ्याला पडतो ते मी नंतर कागदावर मांडून बघितलं. ए३२० उतरताना साधारण १४० नॉट्सला असतं, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. मिनिटाला ७०० फुटांनी खाली येत असेल तर सेकंदाला जवळजवळ १२ फूट. आता स्क्रीन पाव सेकंदापेक्षाही कमी, समजा २०० मिलिसेकंद थांबली, तर तेवढ्यात विमान १४ मीटर पुढे आणि सव्वादोन फूट खाली गेलेलं असतं. चित्र थांबलं म्हणून विमान थांबत नाही, सिम पुढच्या फ्रेमला, म्हणजे पुढच्या चित्राला, तो वेळ भरून काढतो. (सिम म्हणजे इथे सिम्युलेटर, मोबाइलचं कार्ड नाही, आमच्या घरी एकदा हा घोळ झालाय.)

गंमत म्हणजे कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स येतात त्याचा, आकडा तेव्हाही ४० च दाखवत होता. आणि तो आकडा खोटंही बोलत नव्हता. एका सेकंदात ४० फ्रेम्स, त्यातल्या ३९ प्रत्येकी २० मिलिसेकंदांत आल्या तर ७८० झाले, आणि राहिलेल्या एकट्या फ्रेमने २२० खाल्ले, बेरीज बरोबर १०००. सरासरी ४०, छान दिसते, आणि मधे एक दणका. म्हणून सिम 'स्मूथ' आहे का हे एफपीएसवरून कळतच नाही, बघायचं ते फ्रेम टाइमकडे, म्हणजे प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला. ३० एफपीएस हवे असतील तर प्रत्येक फ्रेमला ३३ मिलिसेकंदांची मुदत, ६० हवे तर साडेसोळाच्या आसपास. माझ्यामते सिमला सरळ, न हलणारे ३० हे उड्या मारणाऱ्या ५५ पेक्षा कितीतरी बरे. शूटिंगचा गेम नाहीये हा, विमान काही दर क्षणाला मान वळवत नाही.

आता ही फ्रेम तयार कशी होते ते बघू, कारण 'रिसोर्स मोकळे करा' असं सगळे म्हणतात पण कोणता रिसोर्स हे कोणी सांगत नाही.

पुरणपोळ्यांचा बेत डोळ्यासमोर आणा. एकजण डाळ शिजवतेय, एकजण पुरण वाटतेय, दोघी लाटतायत, पण तवा एकच आहे. घरात आणखी दहा माणसं कामाला लावली तरी पोळ्या तव्याच्या वेगानेच निघणार. सिममध्ये हा तवा म्हणजे मेन थ्रेड, प्रोसेसरवर एकामागून एक चालणाऱ्या कामांची मुख्य रांग. विमानाची फ्लाइट सिस्टिम, ऑटोपायलट, आजूबाजूची ट्रॅफिक, कुठली इमारत आता दाखवायची कुठली नाही याची यादी, हे बरंचसं काम एकामागून एक याच थ्रेडवर होतं, कारण पुढच्याला मागच्याचं उत्तर लागतं. जीन अ‍ॅमडाल नावाच्या इंजिनिअरने १९६७ मध्ये हीच गोष्ट मांडली होती, ती आज अ‍ॅमडालचा नियम म्हणून शिकवतात. समजा एका फ्रेमचं काम प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे त्यातल्या एका काम करणाऱ्यावर, ४० मिलिसेकंदांचं आहे, त्यातलं २४ चं काम वाटून देता येत नाही आणि १६ चं येतं. चार कोअर लावले तर २४ अधिक ४, म्हणजे २८. सोळा कोअर लावले तर २५. हजार लावले तरी २४ च्या खाली जाणार नाही. चारपट कोअर वाढवले आणि मिळाले किती, तर तीन मिलिसेकंद.

यामुळेच ते नेहमीचं कोडं पडतं की विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ३० टक्के दाखवतो आणि तरी सिम अडखळतो, मग सीपीयू रिकामा असून काम का करत नाही. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर सहा कोअरचा, बारा थ्रेडचा, म्हणजे एकावेळी बारा रांगा चालवणारा. त्यातला एक थ्रेड जीव तोडून पळाला तरी एकूण हिशोबात तो दिसणार ८ टक्के! बाकीचे लाटणं हातात घेऊन तवा कधी रिकामा होतो याची वाट बघतायत. परफॉर्मन्स टॅबमध्ये ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स निवडलं की बारा खिडक्या वेगवेगळ्या दिसतात, पण तिथेही एकच खिडकी शंभरला टेकलेली दिसेल असं नाही, विंडोज तो थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर हलवत राहतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसचा चौकोन उघडायचा, तो सरळ सांगतो की आत्ता मेन थ्रेडमुळे अडलंय की जीपीयूमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डमुळे. हे न बघता सेटिंग्ज खालीवर करणं म्हणजे पोट दुखतंय आणि कपाळाला बाम.

मेन थ्रेडमुळे अडत असेल तर मग मागे चाललेल्या प्रोग्रॅम्सचा विषय येतो. पोळी तव्यावर असताना कोणीतरी मधेच येऊन म्हणतं, जरा दोन मिनिटं चहाचं आधण ठेवते हं याच शेगडीवर. क्लाउडवर फोटो चढवणारं सॉफ्टवेअर, कीबोर्डचे दिवे बदलणारं, प्रिंटर विकत घेतला तेव्हा सोबत आलेलं आणि तेव्हापासून ठाण मांडून बसलेलं, ब्राउझरच्या बावीस टॅब्ज, त्यात एकात क्रिकेटचा लाइव्ह स्कोअर. प्रत्येकाला हवा असतो थोडासाच वेळ, पण काम बदलताना प्रोसेसरला आधीचं गुंडाळून ठेवून नवं उघडावं लागतं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे त्याच्या पोटातली छोटी, खूप फास्ट कॅश मेमरी दुसऱ्याच्या डेटाने भरते, परत आल्यावर सिमला स्वतःचा डेटा पुन्हा रॅममधून ओढून आणावा लागतो. सिमवाले ज्या प्रोसेसरचं एवढं कौतुक करतात तो एएमडीचा ५८००एक्स३डी २०२२ मध्ये आला, त्याची सगळी जादू त्या ९६ एमबी एल३ कॅशमध्येच आहे, घड्याळ, म्हणजे चालायचा वेग, उलट त्याच्या ५८००एक्स या भावापेक्षा जरा हळूच.

तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपच्या यादीत जा आणि जे ओळखता आणि रोज लागत नाही ते डिसेबल करा. ओळखत नसाल त्याला हात लावू नका, विंडोजच्या स्वतःच्या प्रोसेस मारल्या तर सिम राहिला बाजूला, मशीनच निळं पडेल. कोणी सांगितलं की सिमची प्रायॉरिटी 'रिअलटाइम' करा तर ऐकू नका, त्याने माऊस-कीबोर्डचं कामही रांगेत मागे पडू शकतं. अँटीव्हायरस बंद करून उडण्याचं धाडसही नको, फुल स्कॅनची वेळ फक्त पहाटेची लावा.

आता रॅम. इथे मी स्वतः आपटलोय म्हणून जरा लांबण लावतो.

त्या लँडिंगनंतर मी एक फुकटचं 'रॅम साफ करणारं' टूल उतरवलं होतं. बटण दाबलं की गोल चक्र फिरायचं आणि ७८ टक्क्यांवरून आकडा ३५ वर यायचा, हिरवागार, बघून मन प्रसन्न. आणि सिम आधीपेक्षा जास्त अडकायला लागला. मला दोन दिवस कळेना की रॅम मोकळी होऊन त्रास वाढतोय कसा.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि डिस्क म्हणजे माळा. रोजचे डबे ओट्यावर असतात, हात लांब केला की मिळतात. विंडोज रिकाम्या रॅममध्ये तुम्ही नुकत्याच वापरलेल्या फाइल्स ठेवून देतं, याला स्टँडबाय म्हणतात, आणि कोणाला जागा लागली की ते डबे लगेच बाजूला सारतं. म्हणजे ती जागा अडलेली नसतेच. हे टूल काय करत होतं, तर ओटा चकचकीत दिसावा म्हणून हळद, मीठ, तिखट सगळं उचलून माळ्यावर टाकत होतं. मग फोडणीला मोहरी लागली की लाव शिडी. ही शिडी किती उंच ते ऐका. रॅममधून काही आणायला अंदाजे १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीवरून १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. रॅमचा एक फेरा एक सेकंदाचा धरला तर एसएसडीचा होतो साधारण १७ मिनिटांचा आणि हार्ड डिस्कचा जवळजवळ २८ तासांचा. आपली फ्रेमची मुदत ३३ मिलिसेकंद, हार्ड डिस्कवर तीन-चार वेळा जाऊन आलात की ती फ्रेम गेली. टूल त्याच रात्री काढून टाकलं.

रॅम मोकळी करण्याचा हा सल्ला एवढा पसरला कसा याचं मला वाटतं एक जुनं कारण आहे. २००६ चा फ्लाइट सिम्युलेटर एक्स हा ३२ बिटचा प्रोग्रॅम होता, त्याला जास्तीत जास्त २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बाइट्स, सरळ भाषेत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते मोजता यायचे. भारी विमान, भारी एअरपोर्ट, थोडे ढग, झालं, 'आउट ऑफ मेमरी' आणि तीन तासांची फ्लाइट फायनलवरच बंद. लोक बिचारे बाकीचे प्रोग्रॅम बंद करत बसायचे, पण ती मर्यादा सिमच्या स्वतःच्या पत्त्यांची होती, मशीनमध्ये १६ जीबी रॅम मोकळी असती तरी तो कोसळलाच असता. आताचे सिम ६४ बिटचे आहेत, तो प्रश्न संपला, सवय राहिली.

खरी रॅम कमी पडते तेव्हा मात्र पडतेच. २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरला किमान ८ आणि शिफारस १६ जीबीची होती, २०२४ च्या आवृत्तीला किमान १६ आणि शिफारस ३२. तेव्हा १६ जीबीवर उडणाऱ्यांनी ब्राउझर पूर्ण बंद करणं यात अर्थ आहे, टूलने साफ करण्यात नाही. पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करू नका, ती विंडोजवर सोडा, नाहीतर गचक्याऐवजी थेट क्रॅश.

आणि लॅपटॉपवाल्यांनो, एकदा टास्क मॅनेजरच्या मेमरीमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' बघा. बरेच लॅपटॉप एकाच रॅमच्या पट्टीवर विकले जातात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन पट्ट्या दोन चॅनलवर असतील तर कागदावर त्याच्या दुप्पट. माझ्या लॅपटॉपमध्ये १६ ची एकच होती, शेजारी तशीच दुसरी लावली आणि एकूण सगळ्या उपायांमध्ये पैसे खर्चून समाधान झालं ते याच एका गोष्टीने.

जीपीयूमुळे अडत असेल तर गोष्ट सोपी आहे, ढग एक पायरी खाली, रेझोल्यूशन थोडं खाली. फक्त ग्राफिक्स कार्डची मेमरी ४ जीबीच असेल तर टेक्स्चर्स, म्हणजे वस्तूंवर चिकटवलेली चित्रं, अल्ट्रावर ठेवू नका, कार्डची मेमरी भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून आणायचा रस्ता अरुंद.

राहिला तो रिसोर्स जो कुठल्याच यादीत नसतो, थंडावा. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५, खोलीत कूलर लावूनही ३५, आणि लॅपटॉप गादीवर. प्रोसेसर ९५-१०० डिग्रीला पोचला की स्वतःला वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे तवाच मंद. इथे एक फिजिक्स कामी येतं, चिपमधली वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात खर्च होते, त्यामुळे वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरलं तर खर्च १९ टक्के उतरतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि जीपीयूच्या तांब्याच्या नळ्या एकच असतात. मी ग्राफिक्स ड्रायव्हरमधून एफपीएसला ३० ची मर्यादा घातली, जीपीयू निवांत झाला, त्याची उष्णता कमी झाली आणि ती सवलत आपोआप सीपीयूला मिळाली. कमी काम सांगून सिम जास्त सरळ चालायला लागला हे मला आधी पटतच नव्हतं. मग पंखा उघडून ब्रश फिरवला, आतून कापसासारखी अख्खी गादी निघाली धुळीची, लॅपटॉप चार्जरवर, मागून दोन पुस्तकांवर उचललेला, आणि ९७ वर चिकटलेलं तापमान ८६ वर आलं.

एक तडजोड राहिली होती, टेरेन लेव्हल ऑफ डिटेल, म्हणजे जमिनीवरचा तपशील किती लांबपर्यंत दाखवायचा ते ठरवणारं स्लायडर. हा आकडा २०० वरून १०० केला की जिथपर्यंत तपशील दिसतो ते अंतर निम्मं होतं, पण वर्तुळाचं क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येतं, म्हणजे मेन थ्रेडच्या यादीतल्या इमारती, झाडं त्याच हिशोबाने कमी. मुंबईसारख्या ठिकाणी हे एकच स्लायडर बाकी दहांपेक्षा जास्त देऊन जातं. परवा परत तीच फ्लाइट केली, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून उडालो, २७ ला उतरलो, फ्रेम टाइमची रेघ शेवटपर्यंत ३३ वर. घाटकोपरच्या बिल्डिंगा आता जरा उशिरा उगवतात खऱ्या, पण फायनलला नजर असते रनवेच्या बाजूच्या चार दिव्यांवर, दोन पांढरे दोन लाल म्हणजे उंची बरोबर, एवढंच बघत असतो, बिल्डिंगा बघायला सवड कोणाला.