स्लीप ॲप्निया

झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा किंवा अगदी उथळ होण्याचा विकार. किमान १० सेकंदांचा खंड यात मोजतात. नेहमी आढळणाऱ्या अवरोधी प्रकारात घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील ऑक्सिजन उतरला की मेंदू क्षणभर जागा होऊन घसा मोकळा करतो. रात्रीत असे शेकडो वेळा घडूनही सकाळी रुग्णाला काही आठवत नाही. मध्यवर्ती प्रकार विरळा. त्यात मेंदूकडून श्वास घेण्याची सूचनाच येत नाही.

जोरात घोरणारा गाढ झोपलेला असतो, हा घरोघरचा समज निदानाच्या आड येतो. खरी खूण घोरण्यापेक्षा त्यामधल्या शांततेत असते: आवाज एकदम बंद, मग घुसमटून घेतलेला मोठा श्वास. हे शेजारी झोपणाऱ्यालाच कळते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना त्याला बरोबर न्यावे. दिवसा पेंग, सकाळची डोकेदुखी, रात्री लघवीला उठणे, औषधांना न जुमानणारा रक्तदाब ही इतर लक्षणे. स्त्रियांत थकवा आणि निद्रानाशच पुढे येतो, त्यामुळे विकार निसटतो. लहान मुले पेंगण्याऐवजी चळवळी होतात. त्यांच्यात कारण बहुधा वाढलेले टॉन्सिल व ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी). लठ्ठपणा मोठे कारण असला तरी आखूड जबड्याची सडपातळ माणसेही सुटत नाहीत. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतल्याने तो बातम्यांत आला.

निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेत श्वास व ऑक्सिजन नोंदवणाऱ्या तपासणीने होते. तासाला ५ ते १५ खंड सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र.

मध्यम व तीव्र विकारावर मुख्य उपाय सीपॅप: मास्कमधून सतत दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारे यंत्र. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याआधी तीव्र रुग्णाच्या श्वासनलिकेला छिद्र पाडावे लागे. सीपॅप विकार बरा करत नाही, लावले त्या रात्रीपुरतेच काम करते. अनेकजण ते सोडतात, बहुधा मास्क नीट न बसल्याने. मास्क बदलून पाहणे हा साधा उपाय राहूनच जातो. वजन घटवणे, कुशीवर झोपणे, मद्य टाळणे यांचा उपयोग होतो. सौम्य रुग्णांना खालचा जबडा पुढे ओढणारी दातांवरची पट्टी चालते, मुलांना टॉन्सिल काढणे. लठ्ठ रुग्णांसाठी टिर्झेपॅटाइड या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला हा विकार सांगणे आवश्यक असते. भुलीची व गुंगीची औषधे घसा आणखी सैल करतात.