अनोळखी फाइल आणि दहा सेकंदांची मुदत

संगणकावरचा अँटिव्हायरस मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, खुणा आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहतो. पण फाइलमधला एक बाइट बदलला तरी तिचा हॅश, म्हणजे त्या फाइलचा अंक-अक्षरांतला ठसा, पार बदलतो. मालवेअर पसरवणारे नेमका याचाच फायदा घेतात. नवी यादी येईपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असतं.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ही तपासणीच संगणकाबाहेर नेली. त्यांच्या ‘क्लाउडएव्ही’मध्ये संगणकावर फक्त एक छोटा प्रोग्राम असे. फाइल सर्व्हरवर जाई आणि तिथे दहा वेगवेगळी अँटिव्हायरस इंजिनं तिला तपासत. घरच्या संगणकाला हा भार पेलणं कठीणच.

आज विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस हेच तत्त्व वापरतो. इंटरनेटवरून उतरवलेली अनोळखी फाइल उघडली, की आधी तिचा हॅश क्लाउडकडे, म्हणजे इंटरनेटपलीकडच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे, जातो. तिथेही निकाल लागला नाही, तर फाइल रोखून धरली जाते आणि तिची प्रत वर पाठवली जाते. या थांबण्याची मूळ मुदत १० सेकंद. कार्यालयाचा प्रशासक ती ६० सेकंदांपर्यंत वाढवू शकतो. जिथे हिशेबाचे संगणक आहेत, तिथे ती वाढवावीच. मिनिटभराचा खोळंबा परवडतो, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर परवडत नाही.

ही सोय ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’खालच्या ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये सापडते. ‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ आणि ‘ऑटोमॅटिक सँपल सबमिशन’ ही दोन्ही बटणं चालू हवीत. खाजगीपणाच्या काळजीने दुसरं बंद केलं, तर प्रत वर जात नाही आणि फाइल रोखून तपासण्याची ही सोयच निकामी होते. काळजी रास्त आहे. म्हणूनच मूळ सेटिंगमध्ये वैयक्तिक मजकूर असण्याची शक्यता असलेली फाइल पाठवण्यापूर्वी विचारलं जातं.

मर्यादा मात्र ओळखून असा. ही रोखून धरण्याची सोय इंटरनेटवरून आल्याची खूण असलेल्या फाइलींसाठी आहे. पेन ड्राइव्हवरच्या फाइलींवर ती खूण बहुधा नसते, आणि झिप उघडणारी काही सॉफ्टवेअर ती पुढे नेत नाहीत. इंटरनेट बंद असेल तर अर्थातच जुन्या यादीवरच भिस्त. जुन्या संगणकात आणखी एक गोष्ट बघा: मदरबोर्डवरचा सेल संपून तारीख मागे गेली, तर सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि इंटरनेट चालू असूनही क्लाउडशी सुरक्षित जोडणी होत नाही. आधी सेल बदला, मग तारीख दुरुस्त करा.