खोक्यावरचं ‘4के’ आणि तबलजीचा हात

आमच्या सोसायटीच्या सभागृहात गाण्याची छोटी बैठक होती. परदेशी असलेल्या मुला-नातवंडांना ती घरबसल्या बघता यावी म्हणून थेट प्रक्षेपणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. कॅमेरा मित्राचा, लॅपटॉप माझा आणि दोघांना जोडायला ऑनलाइन मागवलेलं अंगठ्याएवढं कॅप्चर कार्ड. (लॅपटॉपला चित्र-आवाजाच्या केबलची एचडीएमआय खाच असतेच की, असं कुणीतरी म्हणालंच. पण तिथून चित्र बाहेर जातं, आत येत नाही.) खोक्यावर ठळक ‘4के’, म्हणजे फुल एचडीहून बारीक चित्र, असं छापलेलं. चित्र आलं, पण गायिकेच्या पैठणीचा लाल काठ शेजारच्या रंगात ओघळल्यासारखा दिसत होता. शिवाय तबल्याची थाप आधी ऐकू यायची, हात मग पडायचा.

आधी काठाचं बघू. खोक्यावरचं 4के हे बहुतेकदा कार्डात काय शिरू शकतं ते सांगतं. संगणकाकडे काय पोचतं, ते बारीक अक्षरात असतं. वेस रुंद, पुढे बोळ, तशी गत. व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी चित्रं, म्हणजेच चौकटी (फ्रेम). फुल एचडीच्या एका चौकटीत 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600 ठिपके असतात. रंगात थोडी काटकसर करून ठिपक्यामागे 16 बिट धरले, तरी सेकंदाला 60 चौकटींचे जवळजवळ 2 गिगाबिट, म्हणजे 2,000 मेगाबिट होतात. स्वस्त कार्ड लॅपटॉपला ज्या यूएसबी 2.0 ने जोडतात, तिची कागदावरची क्षमता सेकंदाला 480 मेगाबिट, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मग स्वस्त कार्ड प्रत्येक चौकटीचा जेपेग फोटो करून, दाबून पुढे ढकलतं. या प्रकाराला एमजेपेग म्हणतात. दाबताना पहिला बळी रंगाच्या बारकाव्यांचा जातो, कारण आपला डोळा उजेडातला फरक जितका पकडतो तितका रंगातला पकडत नाही. पण गडद लाल काठावर तोही फसत नाही.

यूएसबी 3.0 चा वेग सेकंदाला 5 गिगाबिट. त्यातला पाचवा हिस्सा संकेतांच्या बांधणीतच जातो, तरी 2 गिगाबिट आरामात मावतात. फक्त निळ्या प्लास्टिकवर भुलू नका. खऱ्या 3.0 च्या चपट्या प्लगमध्ये पुढच्या चार पट्ट्यांमागे आणखी पाच संपर्क असतात. माझ्या निळ्या कार्डात चारच निघाल्या. ओबीएससारख्या थेट प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्येही चोरी पकडता येते. फुल एचडी आणि 60 चौकटी निवडल्यावर व्हिडिओ-प्रकारांच्या यादीत फक्त एमजेपेग दिसलं, तर बोळ अरुंद आहे असं समजा.

शेवटी इंटरनेटवर जेमतेम पाच-दहा मेगाबिटच जाणार, मग एवढा आटापिटा कशाला? कारण तिथे चित्र दुसऱ्यांदा दाबलं जातं. पहिल्या दाबण्यातले चौकोनी डाग दुसऱ्या एन्कोडरला (चित्र दाबणाऱ्या यंत्रणेला) चित्राचा तपशीलच वाटतात आणि ते जपण्यात तो बिट उधळतो. अर्थात पांढऱ्या भिंतीसमोर बसून शिकवणी घेणाऱ्याने जास्त पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला स्वस्त कार्ड पुरतं. गाणं, नाच, खेळ असेल तर मात्र 3.0 च घ्यावं.

थापेची भानगड वेगळी. आवाज मिक्सरमधून थेट लॅपटॉपमध्ये येत होता आणि चित्र कॅमेरा, कार्ड, सॉफ्टवेअर अशी मजल दरमजल करत. प्रत्येक मुक्कामी एखाद-दुसरी चौकट उशीर. महागड्या कार्डाने तो कमी होतो, शून्य होत नाही. उपाय साधा आहे: कॅमेऱ्यासमोर माइकजवळ एक टाळी वाजवून रेकॉर्ड करायची आणि आवाज व तळहात भिडणं यांमधल्या चौकटी मोजायच्या. आमच्याकडे सेकंदाला 30 चौकटींच्या वेगाने चार भरल्या, म्हणजे सुमारे 133 मिलिसेकंद. तेवढा आवाज ओबीएसमध्ये मागे ढकलला.

कार्डाआधी कॅमेऱ्याकडेही एकदा बघा. काही कॅमेरे एचडीएमआयवर बॅटरीची खूण आणि आकडे पुसतच नाहीत. ते सगळं प्रेक्षकांना दिसतं. आणि आपली वीज 50 हर्ट्‌झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 60 चौकटींवर त्याचे पट्टे सरकताना दिसू शकतात, म्हणून 25 किंवा 50 ठेवावं. तोच आकडा संगणकातही हवा. कॅमेऱ्यात 50 आणि संगणकात 60 असेल तर दर सेकंदाला दहा चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात आणि द्रुत लयीत तबलजीची बोटं अडखळल्यासारखी दिसतात.