स्किमर किती मोठा घ्यायचा ते बॉक्सवर नाही, टाकीत बघा

माझ्या मामाचं चिकोडीकडं गुऱ्हाळ होतं, दिवाळी झाली की आम्ही पोरं तिथंच पडलेली असायचो. काहिलीत रस तापायला लागला की गुळव्या भेंडीचं पाणी घालायचा, मग वर काळपट हिरवी मळी जमायची आणि ती झाऱ्यानं काढत बसायचा. एकदा ऊस कमी पडला आणि मोठ्या काहिलीत अर्धंच आदण घातलं, तर मळी अशी पातळ पसरली की झाऱ्यात काही गावेचना. परवा निपाणीला मावसभावाच्या घरी त्याच्या रीफ टँकसमोर, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवायच्या काचेच्या टाकीसमोर, बसलो होतो आणि मला एकदम ती काहील आठवली.

त्याची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. प्रवाळ, दोन क्लाऊनफिश, अजून तीनचार लहान मासे. आणि खाली सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या दुसऱ्या लहान टाकीत, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण कपात काढणारं यंत्र) बसवलेला, १००० लिटरच्या टाकीसाठीचा! सगळे म्हणाले मोठा घे, डबल घे, म्हणून त्यानं चौपट घेतला. आणि कप कोरडा. फेस नळीत वर चढायचा, अर्ध्यावर यायचा आणि फुटून खाली, दिवसभर हेच, आणि काचेवर शेवाळ मात्र वाढतच चाललेलं.

आता हे का होतं ते बघू. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळांचा चिकट स्राव, यातून पाण्यात प्रथिनं आणि चरबीसारखी सेंद्रिय द्रव्यं मिसळत राहतात. यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसऱ्या टोकाला पाणी नको असतं. हवेचा बुडबुडा भेटला की ते नको असलेलं टोक हवेत खुपसून रेणू बुडबुड्याला चिकटून बसतो. स्किमर एवढंच करतो, बारीक बारीक लाखो बुडबुडे सोडतो, ते चिकट रेणू घेऊन वर येतात, वरच्या अरुंद मानेत फेस दाटतो, त्यातलं पाणी निथळून खाली जातं आणि घट्ट फेस कपात पडतो. पावसाळ्यात वेंगुर्ल्याला किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो ना, तो याच जातीचा. (वेंगुर्ला मालवणकडं गेलाच तर किनाऱ्यावरचा प्रवाळ उचलून टाकीसाठी आणू नका बरं का, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो संरक्षित आहे, मेलेला तुकडासुद्धा नको.)

गोड्या पाण्यात हे नीट जमत नाही. घरी बघायचं असेल तर दोन बरण्या घ्या, एकीत साधं पाणी, दुसरीत लिटरला ३५ ग्रॅम मीठ, आणि दोन्हीत एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडा. साध्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भेटून मोठे होतात आणि भडाभडा वर जातात, खारट पाण्यात ते एकमेकांत मिसळत नाहीत, बारीकच राहतात आणि पाणी दुधासारखं दिसतं. बुडबुडा जेवढा बारीक तेवढा तेवढ्याच हवेत चिकटायला पृष्ठभाग जास्त, आणि तो वर यायला वेळही जास्त घेतो.

पण फेस टिकायला त्यात माल पाहिजे. भावाच्या स्किमरची मान २० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे वरून बघितलं तर ३१४ चौरस सेंटिमीटर फेस धरून ठेवायचा. १२ सेंटिमीटरची मान असती तर ११३ चौरस सेंटिमीटर. जवळजवळ पावणेतीनपट फरक, आणि पाण्यातली घाण तेवढीच! मग मोठ्या मानेत फेस घट्ट होणार कसा, आमच्या अर्ध्या आदणासारखंच. पाण्यात माल थोडा जमेपर्यंत मोठा स्किमर थांबतो, मग थोडा वेळ काढतो, परत थांबतो. लहान स्किमर रोज हळूहळू काढत राहिलेला मला त्यापेक्षा कधीही बरा वाटतो.

मग साइज ठरवायची कशी? आधी खरं पाणी मोजा. भावाची टाकी झाली ९ घनफूट, एका घनफुटात २८ लिटरच्या थोडं वर, म्हणजे २५५ लिटर. त्यातून दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा करा, धरा २०५. सम्पमधलं पाणी ४५. झालं २५०. आता बॉक्स बघा. चांगल्या कंपन्या दोन आकडे देतात, एक हलक्या लोडचा आणि एक जड लोडचा (लोड म्हणजे मासे आणि खाण्यामुळं पाण्यात पडणारी घाण), आणि मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा हलक्या लोडचाच असतो. हे आकडे मोजायची सगळ्या कंपन्यांची मिळून अशी एक पद्धत नाही, म्हणून एका कंपनीचा ५०० आणि दुसरीचा ५०० एकच धरू नका. तुमचे २५० लिटर त्या दोन आकड्यांच्या मध्ये पडले पाहिजेत. मासे कमी आणि प्रवाळ जास्त असतील तर हलक्या आकड्याच्या जवळ चालतंय, टँगसारखे दोन तीन मोठे मासे आहेत, दिवसातून तीनदा खाणं टाकताय, तर जड आकड्याच्या जवळ या. मी तर म्हणेन लिटर एकदा मोजून सोडून द्या आणि रोज किती खाणं पाण्यात पडतंय ते बघा, कारण स्किमरला काम त्या खाण्यातून मिळतं.

आणि स्किमर सगळंच काढतो असंही समजू नका. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात केन फेल्डमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून बघितले, तर पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनचा २० ते ३० टक्क्यांच्या आसपासच भाग निघत होता, बाकीचा बुडबुड्याला चिकटतच नव्हता. कुजून झालेलं नायट्रेटही फेसात येत नाही. कुजायच्या आधी जेवढं निघेल तेवढं काढायचं हे त्याचं काम, पाणी बदलणं चुकत नाही.

बसवायच्या बाबतीत एक गोष्ट लोक विसरतात, सम्पमधल्या पाण्याची उंची. कंपनी सांगते, समजा १८ ते २२ सेंटिमीटर, तर तेवढंच पाहिजे, जास्त असेल तर खाली विटेसारखं स्टँड घाला. कॅबिनेटमध्ये कप वर उचलायला जागा राहते का तेही टेपनं मोजून घ्या. नवीन स्किमर पहिला आठवडाभर वेड्यासारखा वागतो, सारखा स्क्रू फिरवू नका. हाताला तेल किंवा क्रीम असताना पाण्यात हात घातला तर फेस काही तास खाली बसतो, तेवढ्यावरून स्किमर बिघडला म्हणू नका. मानेवर चिकटा बसला की फेस चढत नाही, आठवड्यातनं दोनदा पुसा.

आपल्या भागाचं अजून एक आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, इथं हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ टक्क्यांच्या आसपास कमी, म्हणजे पाण्यात ऑक्सिजनही तेवढाच कमी मुरतो. रात्री प्रवाळ आणि मासे दोघंही ऑक्सिजन घेतात, म्हणून रात्री आवाज येतो म्हणून स्किमर बंद करू नका, हवा मिसळायचं मोठं काम तोच करतोय. पावसाळ्यात गार वारं नको म्हणून आपण खिडक्या लावून बसतो, मग खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि टाकीचा पीएच उतरतो. स्किमरची हवा ओढायची नळी खिडकीतून बाहेर काढा. डासांची अगरबत्ती लावत असाल तर नक्कीच काढा, खोलीतला धूर स्किमर सरळ पाण्यात ओढतो.

भावानं शेवटी तो मोठा विकला आणि जड लोडला २००, हलक्या लोडला ४०० लिटर असा घेतला. तिसऱ्या दिवशी कपात दोन बोटं काळ्या चहासारखं पाणी, वास असा की मावशीनं कप परसातच धुवायला लावला. मग एका रात्री लाइट गेली. स्किमर इन्व्हर्टरवर होता, सम्पमधलं पाणी परत वर टाकीत चढवणारा रिटर्न पंप नव्हता, वरचं पाणी सम्पमध्ये उतरलं, स्किमर जास्त बुडाला आणि कप भरून ते सगळं काळं पाणी परत सम्पमध्ये. आता दोन्ही प्लग एकाच बोर्डवर आहेत.