महाभूलेख आणि सातबारा परत परत बघणं

महाभूलेख हे महाराष्ट्राच्या महसूल खात्याचं पोर्टल आहे. ते पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या अखत्यारीत येतं आणि त्यावर गाव नमुना सात-बारा (जमीन कोणाच्या नावावर, किती आणि तिच्यात पीक काय याचा उतारा), आठ अ (एका खातेदाराची गावातली सगळी जमीन) आणि मिळकत पत्रिका (शहरी जागेचा उतारा) फुकट बघता येतात, सहीचा उतारा हवा असेल तर त्याच खात्याचं डिजिटल सातबाराचं पोर्टल वेगळं आहे आणि तिथे उताऱ्यामागे 15 रुपये लागतात. बाकीच्या सरकारी साइटवर माणूस कामापुरता जातो, फॉर्म भरतो, पावती सेव्ह करतो आणि परत फिरकत नाही. सातबाऱ्याच्या साइटवर मात्र तीच माणसं वर्षानुवर्षं येत राहतात, कधीकधी हातात कुठलंही काम नसताना. ही नोंद त्या परत येण्याबद्दल आहे, विभाग-जिल्हा-तालुका-गाव निवडून गट नंबर कसा टाकायचा हे वाचकाला माहीत आहे असं धरलंय.

ही सवय कधीपासूनची धरायची यावर दोन मतं आहेत. संगणकीकरणाच्या बाजूने लिहिणारे सुरुवात 1988-89 पासून मानतात, कारण त्या वर्षी केंद्राची भूमि अभिलेख संगणकीकरण योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. पुढे 2008 मध्ये राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला, मग राज्याचा ई-महाभूमी, त्याखाली ई-फेरफार आज्ञावली (फेरफार म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद), आणि 1 मे 2018 ला महाराष्ट्र दिनी डिजिटल सहीचा सातबारा लोकांना मिळायला लागला. या मांडणीत परत येणं हा पोर्टलचा गुण ठरतो, म्हणजे सोय झाली म्हणून लोक यायला लागले.

दुसरं मत महसूल कायद्याच्या बाजूचं आहे आणि ते मागे जातं. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी साधारण 1835-36 च्या सुमारास इंदापूर भागात मोजणीचं जे काम सुरू केलं आणि 1847 च्या संयुक्त अहवालात ज्याचे नियम बांधले गेले, त्या पद्धतीत सरकारला मुख्यतः सारा (जमिनीचा कर) कोण भरतो एवढंच हवं होतं. जमिनीत हक्क कोणाकोणाचे, कूळ कोण, गहाण कोणाकडे, हे नियमाने लिहायची सक्ती मुंबई इलाख्यात 1903 च्या हक्कनोंदणी कायद्याने आली आणि 1913 मध्ये ती तरतूद 1879 च्या मुंबई जमीन महसूल संहितेत घातली गेली. तेव्हापासून हा कागद एकदा लिहून ठेवायचा राहिला नाही, प्रत्येक खरेदी, मृत्यू, वाटप, कर्ज यानंतर तो बदलत गेला आणि बदलणारा कागद आहे म्हटल्यावर तो बघत राहणं आलंच. हे चित्र मुंबई इलाख्यापुरतं आहे. मराठवाड्यात निजामाचा 1317 फसलीचा (फसली हे तिथलं महसुली वर्ष) कायदा आणि पहाणी पत्रकं होती, विदर्भाची वाट आणखी वेगळी, आणि सगळा महाराष्ट्र एका संहितेखाली आला तो 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, जी 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाली. तरी एकूण बघता दुसरं मत जास्त टिकणारं वाटतं. पोर्टलमुळे चावडीपर्यंतची पायपीट वाचली हे खरंच मोठं काम झालं, पण बघायला जायचं कारण त्याच्या आधी शंभर वर्षं तयार होतं.

हे कारण संहितेच्या कलम 157 मध्ये नीट दिसतं. हक्कनोंदणीतली आणि प्रमाणित फेरफारातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. फेरफाराने मालकी मिळत नाही, तो महसुली कामापुरता असतो, हे सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलंय, पण गावात आणि बँकेत व्यवहार उताऱ्यावर चालतो. म्हणजे कागद मालकी ठरवत नाही, पण चुकला तर चूक सिद्ध करायचं ओझं ज्याचं नुकसान झालं त्याच्याच डोक्यावर येतं. अशा कागदावर लक्ष ठेवणं हा शहाणपणा आहे, त्याला संशयी स्वभाव म्हणणं बरोबर नाही.

त्यात फेरफाराच्या मुदती आहेत. हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं (कलम 149), तलाठी नमुना सहामध्ये (फेरफार नोंदवहीत) नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस, हरकत आली तर प्रकरण नमुना सहा अ मध्ये (तक्रारींच्या नोंदवहीत) जातं, नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग ती सातबाऱ्यावर उतरते. नोंद मान्य नसेल तर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करायला 60 दिवस. आता ज्याचं घर ठाण्यात आणि जमीन संगमेश्वरात आहे त्याच्यापर्यंत नोटीस पोचेलच असं नसतं, पत्ता जुना असतो, कधी नोटीस गावात राहणाऱ्या चुलत भावाच्या हातात पडते आणि तिथेच राहते. म्हणून 'आपली चावडी' या ऑनलाइन नोटीस बोर्डाचं महत्त्व, गाव निवडलं की कुठल्या गटावर कसला फेरफार धरलाय ते दिसतं. मुंबईतले चाकरमानी, पुण्यातले नोकरदार, दुबई किंवा अमेरिकेतला एखादा भाऊ, यांना हे पान मोबाईलवर बघता येणं म्हणजे हरकतीचे 15 दिवस हातात राहणं. मला तरी या सगळ्या व्यवस्थेतली ही सर्वात उपयोगी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल बोललं मात्र फार कमी जातं.

2020 मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला तेव्हा याची दखल घेतलेली दिसते. नव्या उताऱ्यावर गावाचा कोड आला, शेवटच्या फेरफाराचा नंबर आणि तारीख आली, आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही छापून यायला लागलं. पूर्वी कमी केलेलं नाव कंसात जायचं, आता त्यावर आडवी रेघ येते. रोज कागद हाताळणाऱ्या माणसाची नजर आधी याच जागांवर जाते, नाव शाबूत आहे ना, क्षेत्र तेवढंच आहे ना, 'इतर हक्क' या रकान्यात नवीन बोजा (कर्ज, गहाण) चढलाय का, शेवटचा फेरफार आपल्याला माहीत असलेलाच आहे ना. चारही ठीक असलं की माणूस साइट बंद करतो आणि काही महिन्यांनी परत येतो.

संगणकीकरणाच्या काळातल्या चुका हे परत येण्याचं आणखी एक कारण, आणि ते बरंच तांत्रिक आहे. हाताने लिहिलेले सातबारे टाइप करताना आणेवारीचं (हिश्श्याचं) क्षेत्र चुकलं, खातं एकाचं दोन झालं, वारसांपैकी एकाचं नाव राहिलं, आडनावाची वेलांटी बदलली, पोटखराब्याची (लागवडीला न येणाऱ्या भागाची) बेरीज जुळेना. त्यासाठी आधी एडिट आणि मग री-एडिट असे मॉड्यूल तलाठ्यांना दिले गेले आणि 2017 च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झालं, म्हणजे गावात सातबारे मोठ्याने वाचून दाखवून चुका नोंदवून घेतल्या. हे काम तलाठ्यांनी नेहमीचं काम सांभाळून केलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण वाचनाला जे गावात नव्हते त्यांच्या चुका तशाच राहिल्या. लेखनातली चूक तहसीलदाराच्या आदेशाने कलम 155 खाली दुरुस्त होते, आणि अर्ज दिला की तो माणूस साइटवर यायला लागतो, आदेश झाला का, फेरफार पडला का, उतारा बदलला का. अर्ज कुठपर्यंत आलाय हे कोणी फोन करून सांगत नाही, त्यामुळे उतारा उघडून बघणं हाच एक मार्ग उरतो. चांगली साइट असली की लोक परत येतात असं वेबसाइटच्या क्षेत्रात मानलं जातं, इथे निम्मं येणं तरी कळवलं न गेल्यामुळे होतं. इथे येण्याचे आकडे मोठे दिसले तर त्यातलं किती काळजीपोटी आहे हेही विचारलं पाहिजे.

उरलेलं येणं इतर कार्यालयांमुळे. पीक कर्ज, पीक विमा, पीएम किसान, ठिबकचं अनुदान, हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी, शेतकरी असल्याचा दाखला, कोर्टात जामीन, अशा बऱ्याच ठिकाणी उतारा लागतो आणि तोही ताजा लागतो. जुना चालत नाही, मग त्यावर काहीच बदललेलं नसलं तरी. डिजिटल उताऱ्याच्या खाली 16 अंकी पडताळणी क्रमांक असतो, तो टाकला की उतारा खरा आहे का ते कुणालाही तपासता येतं, म्हणजे काउंटरवरच्या माणसाने मनात आणलं तर अर्जदाराला परत पाठवायची गरजच नाही. हे होत नाही याचं वाईट वाटतं, कारण 15 रुपये फार नाहीत पण बहुतेक शेतकरी स्वतः काढत नाहीत, महा ई-सेवा केंद्रावर किंवा सायबर कॅफेत जातात, तिथले वेगळे, जाण्यायेण्याचे वेगळे, आणि विम्याच्या शेवटच्या आठवड्यात साइट चालत नसली तर दिवसही गेला.

बारा नंबरचं, म्हणजे पिकाचं, येणं हंगामाप्रमाणे असतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढतो आणि नोंद करतो, ॲप जागा बघून घेतं. नोंद झाली तरी समाधान होत नाही, ती उताऱ्यावर दिसेपर्यंत लोक बघत राहतात, आणि बरोबरच करतात, कारण सोयाबीन पेरलं आणि उताऱ्यावर पड दिसली तर खरेदी केंद्रावर त्याचं ऐकणारं कोणी नसतं. डोंगराळ भागात रेंज नसणं ही जुनीच अडचण आहे.

वारसनोंद हा सगळ्यात हळवा भाग. कित्येक सातबाऱ्यांवर अजून आजोबा-पणजोबांची नावं आहेत, कुठे एकत्र कुटुंब मॅनेजरचा ए.कु.मॅ. शेरा पडून आहे, कुठे चाळिशीतल्या माणसापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) लिहिलेलं आहे, म्हणजे कागदावर तो अजून अज्ञानच, वयात न आलेला. या नोंदींसाठी ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या अर्ज करता येतो. 1 एप्रिल 2025 पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम घेतली गेली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. बहिणींची नावं लागली की नाही हे अशा मोहिमेनंतर आवर्जून बघायला हवं, कारण हक्कसोड पत्र न देताही नाव गळल्याची उदाहरणं गावोगाव आहेत आणि ज्या बाईचं नाव गळलं तिला ते कित्येकदा वर्षांनी कळतं.

गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक-चौदा आहे, 1968 च्या तिथल्या जमीन महसूल संहितेखालचा, आणि परदेशातले गोवेकर तो याच काळजीने उघडून बघतात. बेळगाव-निपाणी भागातले मराठी शेतकरी कर्नाटकच्या 'भूमी' योजनेतली पहाणी (तिथला सातबारा) काढतात, ती योजना साधारण 2000 पासूनची, महाराष्ट्राच्या डिजिटल सहीच्या बरीच आधीची, कागद मात्र कन्नडमध्ये येतो. शहरातल्या मिळकत पत्रिकेचं येणं विरळ आहे, फ्लॅटवाल्यांना तिची गरज सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने करून न दिलेली जमीन सोसायटीच्या नावावर होणं) किंवा पुनर्विकास निघाला की पडते. जुने स्कॅन केलेले फेरफार आणि कडईपत्रकं (जुन्या जमीननोंदींचे कागद) 'आपले अभिलेख' या पोर्टलवर काही जिल्ह्यांची मिळतात, त्यातला मोडीतला भाग वाचायला जाणकार शोधावा लागतो.